पॉइंट्स आहेत, पण सीट नाही : ‘अवॉर्ड सीट’चा इतिहास आणि शून्य वाचायची सवय

‘या विषयावर माहिती उपलब्ध नाही.’ संशोधनाचा आराखडा लिहिताना हे वाक्य आपण किती सहज लिहून जातो बघा. पेट प्रवेश परीक्षेची तयारी करणारे, नेटचा अभ्यास करणारे, नुकतेच गाईड मिळालेले असे बरेच जण हा ब्लॉग वाचतात. तुम्हा सगळ्यांना एक प्रश्न विचारतो. ‘उपलब्ध नाही’ म्हणजे नक्की काय? ती गोष्ट मुळात नाही? आहे पण संपली? आहे पण तुम्हाला दाखवली जात नाही? की तुम्ही चुकीच्या खिडकीवर उभे आहात?

हा प्रश्न समजावून सांगायला मी आज जरा वेगळंच उदाहरण घेतोय: लांब पल्ल्याच्या विमानात पॉइंट्सवर मिळणारी बिझनेस क्लासची सीट. हसू नका. ‘उपलब्धता’ ही गोष्ट कशी घडवली जाते, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. शिवाय हा विषय आता आपल्यापासून फार लांबही राहिलेला नाही. नळदुर्ग, तुळजापूर, सोलापूर या पट्ट्यातली मुलं-मुली शिकायला, नोकरीला अमेरिका-जर्मनीत आहेत. इकडे आई-वडिलांचे गुडघे दुखतायत आणि प्रवास वीस-बावीस तासांचा. मुलाच्या क्रेडिट कार्डावर पॉइंट्स साठलेत. आडवं होता येईल अशा दोन सीटा आई-बाबांसाठी मिळाव्यात एवढीच त्याची इच्छा असते. तो तारीख टाकतो आणि पडद्यावर येतं : शून्य. दुसरी तारीख टाकतो, पुन्हा शून्य. त्याच विमानात त्याच दिवशी पैसे देऊन मात्र पाहिजे तेवढ्या सीटा मिळत असतात!

मग हे शून्य आलं कुठून? त्याला एक इतिहास आहे. तो समजून घेऊ.

जेव्हा सीट फक्त सीट होती

सुरुवात मुंबईपासून करू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत टपालाचं विमान आणलं. त्या उड्डाणाचा धंदा पत्रांच्या पिशव्यांचा होता, प्रवाशांचा नाही. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. भारतीय कंपनीची युरोपला जाणारी ही पहिली नियमित सेवा.

त्या काळात आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्या आपल्या मनाने ठरवत नसत. १९४५ मध्ये हवाना शहरात ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या बैठकांमध्ये भाडी ठरत आणि सरकारं त्यांना मंजुरी देत. त्यामुळे एका वर्गातल्या सीटांच्या भावात फारसा फरक नसे. जागा असली तर मिळायची, नसली तर नाही. आपल्या एस.टी.च्या आरक्षणासारखंच. ‘सीट आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर मोजून देता येत होतं.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. उपलब्धता तेव्हा मोजायची गोष्ट होती. आज ती ठरवायची गोष्ट झाली आहे. हा बदल साधारण पंधरा-सोळा वर्षांत झाला आणि त्याचे तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा : एक साधा नियम, १९७२

१९६० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या मदतीने ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण व्यवस्था उभी केली. तोपर्यंत कार्डांवर आणि फळ्यांवर चालणारा हिशेब यंत्रात गेला. आता कोणत्या उड्डाणाची किती तिकिटं, किती दिवस आधी विकली गेली, ही माहिती साठू लागली.

इकडे ब्रिटनच्या बीओएसी कंपनीने लवकर तिकीट काढणाऱ्यांना स्वस्त भाडं द्यायला सुरुवात केली होती. त्यातून एक अडचण उभी राहिली. स्वस्त तिकीट घेणारा आधी येतो. पूर्ण पैसे देणारा, कामानिमित्त जाणारा प्रवासी शेवटच्या आठवड्यात येतो. आधी आलेल्याला सगळ्या सीटा दिल्या तर नंतरचा परत जाणार. नाही दिल्या आणि नंतरचा आलाच नाही, तर सीट रिकामी उडणार. रिकामी उडालेली सीट म्हणजे संध्याकाळी उरलेली भाजी. उद्या तिला किंमत नाही.

केनेथ लिटलवुड या बीओएसीच्या माणसाने १९७२ मध्ये यावर एक नियम मांडला. नियम इतका साधा आहे की बारावीच्या गणितावर समजतो : स्वस्त गिऱ्हाईकाला सीट तेव्हाच द्या, जेव्हा त्याच्याकडून मिळणारी रक्कम ही ‘महाग भाडं गुणिले ती सीट महाग भावात विकली जाण्याची शक्यता’ यापेक्षा जास्त किंवा तेवढी असेल.

आकडे घालून बघू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. समजा बिझनेस क्लासमध्ये ३० सीटा आहेत. पैसे देणाऱ्याकडून कंपनीला २ लाख रुपये मिळतात. पॉइंट्सवर बसणाऱ्याची सीट कंपनीच्या हिशेबात ४० हजारांची धरली जाते. गुणोत्तर झालं ०.२. म्हणजे एखादी सीट पूर्ण पैशांत विकली जाण्याची शक्यता २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ती राखून ठेवायची. कमी असेल तर पॉइंट्सवाल्यांसाठी सोडायची.

आता त्या उड्डाणाला पैसे देणारे सरासरी २२ येतात आणि त्यातला चढउतार म्हणजे प्रमाण विचलन ५ आहे असं धरा. सामान्य वितरण वापरलं, तर २६ वी सीट विकली जाण्याची शक्यता येते सुमारे २४ टक्के आणि २७ व्या सीटची सुमारे १८ टक्के. म्हणजे २६ सीटा राखायच्या आणि ४ सोडायच्या.

आता तेच विमान डिसेंबरच्या सुट्ट्यांत घ्या. सरासरी मागणी २८ झाली. आता अगदी शेवटची, ३० वी सीट विकली जाण्याची शक्यतासुद्धा ३८ टक्क्यांच्या आसपास निघते. सोडायच्या सीटा किती? शून्य.

तुमच्या पडद्यावरचं शून्य हे आहे! त्या क्षणी विमानात तीसच्या तीस सीटा रिकाम्या असू शकतात. एकही विकली गेलेली नसेल. तरी उत्तर शून्यच येणार, कारण ते आजच्या मोजणीचं उत्तर नाही, पुढच्या मागणीच्या अंदाजाचं आहे.

नळदुर्गचं पाणी

ज्यांनी आमचा किल्ला पाहिलाय त्यांना हे लवकर कळेल. बोरी नदीवर धरणाची भिंत घालून तिच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. काम इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं, साल १६१३. पावसाळ्यात पाणी वर चढलं की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागतात आणि लोक सोलापूरपासून बघायला येतात. धबधबा बघायला तिकडे गेलात आणि पाणी पडत नसेल, तर ‘नदीत पाणी नाही’ असं तुम्ही म्हणता का? नाही. भिंतीच्या आत पाणी आहे. फक्त ते सांडव्याच्या पातळीला आलेलं नाही.

अवॉर्ड सीट ही अशी सांडव्यावरून येणारी सीट आहे. फरक एकच, पण महत्त्वाचा. आमच्या भिंतीवरून पाणी खरोखर भरल्यावरच पडतं. विमान कंपनी मात्र भरेल की नाही याचा आधीच अंदाज बांधून पातळी ठरवते आणि ती पातळी रोज बदलते. म्हणजे हा सांडवा हलता आहे.

दुसरा टप्पा : बक्षीस, १९८१

१९७८ मध्ये अमेरिकेने विमान वाहतुकीवरचं भाडं-नियंत्रण उठवणारा कायदा केला. स्पर्धा पेटली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ नावाची योजना काढली : आमच्याच विमानाने फिरा, मैल साठवा, मैलांवर मोफत प्रवास करा. वारंवार फिरणारे प्रवासी कोण, हे शोधायला त्यांनी सेबरमधलाच साठा वापरला. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना काढली आणि मग बाकीच्यांनीही.

यामागचा तर्क सरळ होता. त्या वेळी अमेरिकेतल्या विमानांत साधारण दहापैकी चार सीटा रिकाम्या उडत. फुकट जाणारी वस्तूच बक्षीस म्हणून द्यायची, तर खर्च जवळजवळ नाहीच. बिझनेस क्लास हा वेगळा वर्गही जगभर त्याच सुमारास, १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुजत होता. त्यामुळे स्वप्न दाखवायला चांगली वस्तूही हाताशी आली.

पण कंपन्यांनी मैल वाटले भरपूर. वाटलेला प्रत्येक मैल हे एक वचन असतं, आणि त्या वचनावर ना तारीख लिहिलेली असते, ना सीट नंबर.

तिसरा टप्पा : वचनाला कुंपण, १९८८ ते १९९५

१९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियम बदलले. प्रत्येक उड्डाणात पॉइंट्सवाल्यांना किती सीटा द्यायच्या यावर मर्यादा घातली. काही तारखा तर बंदच केल्या. आणि हे नियम लोकांनी आधीच कमावलेल्या मैलांनाही लावले. इतिहासाच्या दृष्टीने बघा : ज्याला आज आपण ‘अवॉर्ड सीट शोधणं’ म्हणतो, तो प्रश्न खऱ्या अर्थाने इथे जन्माला आला. त्याआधी बक्षीस घ्यायला तुम्ही जात होता. आता बक्षीस शोधावं लागू लागलं.

सभासद इलिनॉय राज्यातल्या कोर्टात गेले. खटला वाढत वाढत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. ‘अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वोलेन्स’ या नावाने तो ओळखला जातो आणि निकाल जानेवारी १९९५ मध्ये लागला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालाचा सार असा : राज्याच्या ग्राहक-फसवणूक कायद्याखाली विमान कंपनीला खेचता येणार नाही, कारण १९७८ चा कायदा आड येतो. पण कंपनीने स्वतः केलेला करार मोडला, असा दावा करता येईल. म्हणजे ‘हे अन्यायाचं आहे’ असं म्हणून भागणार नाही. ‘तुम्ही लिहून काय दिलं होतं?’ एवढंच विचारता येईल.

यानंतर कंपन्या काय शिकल्या असतील ते ओळखा. अटींच्या कागदावर ‘सीटा मर्यादित आहेत’, ‘नियम कधीही बदलू शकतात’ ही वाक्यं आज तुम्हाला जवळपास प्रत्येक योजनेत दिसतील. कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हे फार चांगलं साधन आहे. एकाच योजनेच्या अटी वेगवेगळ्या वर्षांच्या शेजारी शेजारी ठेवा आणि कोणतं वाक्य कधी घुसलं ते बघा. कंपनीला कोणत्या गोष्टीची भीती होती ते आपोआप कळतं.

याच दरम्यान, १९८७ मध्ये, पीटर बेलोबाबा यांनी एमआयटीमध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. लिटलवुडचा नियम दोन भाड्यांपुरता होता. बेलोबाबांनी तो अनेक भाड्यांना लावता येईल अशी व्यवहारातली पद्धत दिली. त्यांची पद्धत आणि तिची सुधारित रूपं विमान कंपन्यांनी पुढे मोठ्या प्रमाणावर वापरली. प्रबंध कपाटात पडून राहतात असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

मुंबईत काय झालं

आपल्याकडे १९५३ च्या कायद्याने विमान वाहतूक सरकारी झाली होती. १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांना दार उघडलं. ५ मे १९९३ रोजी मुंबईची जेट एअरवेज सुरू झाली. तिची ‘जेटप्रिव्हिलेज’ आणि एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ या त्या काळातल्या आपल्या ओळखीच्या योजना.

जेटची गोष्ट संशोधकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. कंपनीने आपली पॉइंट्सची योजना वेगळी काढून तिची स्वतंत्र कंपनी केली आणि तिच्यात अबू धाबीच्या एतिहादने ५०.१ टक्के हिस्सा घेतला. पुढे १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उतरलं आणि सेवा थांबली. हजारो कर्मचाऱ्यांचा पगार अडकला, तिकिटं वाया गेली. पण पॉइंट्स? ते उरले! कारण ते दुसऱ्या कंपनीच्या वहीत होते. तीच योजना त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नावाने पुढे आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेज अवसायनात काढायचा आदेश दिला.

म्हणजे बघा, पॉइंट्स शाबूत आणि ज्या विमानासाठी ते जमवले ते विमानच नाही. पॉइंट एका वहीत लिहिला जातो, सीट दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्यांचा मालक वेगळा असू शकतो, आणि एकच असला तरी दोन्हींचा ताळा जुळलाच पाहिजे असा नियम नाही. हिशेबशास्त्राने ही गोष्ट ओळखली आहे. २००७ मध्ये आलेल्या ‘आयफ्रिक १३’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने कंपन्यांना सांगितलं की दिलेल्या पॉइंट्सच्या वाट्याचं उत्पन्न लगेच दाखवू नका, वचन पुरं होईपर्यंत बाजूला ठेवा. कंपनीच्या ताळेबंदात तुमचे पॉइंट्स हे देणं आहे. पण ते कोणत्या भावाने फेडायचं, हे ठरवतं कोण? देणेकरीच. आपल्याकडे एखाद्या सावकाराने तरी असा व्यवहार मान्य केला असता का!

हा भावही आता मोकळा सुटला आहे. पूर्वी योजनांचे छापील तक्ते असत : अमुक प्रदेशातून तमुक प्रदेशात बिझनेस क्लासला इतके मैल. डेल्टाने २०१५ मध्ये आपले तक्ते काढून टाकले, युनायटेडने २०१९ मध्ये. आता त्यांच्या स्वतःच्या उड्डाणांचे मैल मागणीप्रमाणे रोज बदलतात. अशा ठिकाणी पडद्यावर शून्य दिसायचं बंद होतं. सीट दिसते, पण मैल तिप्पट-चौपट मागितलेले असतात. हे शून्यच आहे, फक्त वेगळ्या कपड्यात.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. बीओएसी १९७४ मध्ये ब्रिटिश एअरवेजमध्ये विलीन झाली. ज्या कंपनीत लिटलवुडचा नियम जन्मला, तिचीच ही वारस. ती आज आपल्या प्रत्येक उड्डाणात काही किमान सीटा पॉइंट्ससाठी ठेवण्याची हमी देते. म्हणजे नियम गणिताचा असला तरी तो कुठे थांबवायचा हे माणसंच ठरवतात.

शून्याचे चार अर्थ

आता मूळ मुद्द्यावर येऊ. अवॉर्ड सीट शोधताना पडद्यावर शून्य आलं, तर त्याचे निदान चार वेगळे अर्थ असू शकतात.

एक, सीट सोडलेलीच नाही. वरच्या उदाहरणातला डिसेंबर.

दोन, सोडली होती, कोणीतरी घेतली.

तीन, सोडली आहे, पण तुम्ही ज्या खिडकीतून बघताय तिथे दिसत नाही. विमान कंपन्या आपल्या सीटा वेगवेगळ्या अक्षरांच्या खणांत ठेवतात. स्टार अलायन्समध्ये भागीदार कंपनीच्या सभासदांना बिझनेसची अवॉर्ड सीट साधारणपणे ‘आय’ या खणातून मिळते, इकॉनॉमीची ‘एक्स’मधून. स्वतःच्या सभासदांसाठी कंपनी आणखी वेगळे खण उघडू शकते. म्हणून एकाच विमानातली तीच सीट एका योजनेत दिसते, दुसऱ्या योजनेत दिसत नाही.

चार, माहिती शिळी आहे. शोधयंत्रं प्रत्येक वेळी कंपनीला ताजं विचारत नाहीत, थोड्या वेळापूर्वीचं उत्तर साठवून ठेवतात. त्यामुळे कधी असलेली सीट दिसत नाही, तर कधी गेलेली सीट दिसत राहते आणि तिकीट काढायला जाल तेव्हा नाही म्हणते.

तिसरा अर्थ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आमच्या गावावरूनच सांगतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत नळदुर्गचा जिल्हाही इंग्रजांच्या ताब्यात दिला. तिथला कारभार पाहायला आले फिलिप मेडोज टेलर. हो, ठगांवरच्या कादंबरीचे लेखक, तेच. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. आता समजा, त्या सात वर्षांतल्या नळदुर्गच्या महसुलावर तुम्ही काम करताय. तुम्ही फक्त निजामाच्या दप्तरात शोधलंत, हाती काही लागलं नाही आणि लिहून टाकलंत ‘माहिती उपलब्ध नाही’. तर ते शून्य नळदुर्गचं नाही, तुमच्या खिडकीचं आहे. त्या वर्षांत गावाचा मालकच बदलला होता. इंग्रजी कारभाराच्या कागदांकडे आणि टेलर यांच्या आत्मचरित्राकडे जावं लागेल.

विज्ञान शाखेतल्यांना हेच दुसऱ्या भाषेत माहीत आहे. उपकरणाच्या मर्यादेखालचं मापन ‘शून्य’ म्हणून नोंदवायचं नसतं, ‘मर्यादेपेक्षा कमी’ म्हणून नोंदवायचं असतं. विमान कंपन्यांनाही ही अडचण छळते. सीट संपल्यावर किती गिऱ्हाईकं परत गेली, हे त्यांच्या वहीत येतच नाही. विक्री म्हणजेच मागणी धरली, तर पुढचा अंदाज कमी येतो. मग त्या झाकलेल्या मागणीचा अंदाज बांधायच्या वेगळ्या पद्धती वापराव्या लागतात. म्हणजे शून्यापुढे तेही तुमच्या-माझ्यासारखेच बसलेले असतात.

मग सीट मिळते कधी?

ज्याला खरोखर आई-बाबांना पाठवायचंय त्याने एवढं वाचल्यावर हा प्रश्न विचारणारच. नियम कळला की उत्तरं त्यातूनच निघतात.

उड्डाणाची विक्री बहुतेक कंपन्यांत साधारण ११ ते १२ महिने आधी उघडते. ज्या कंपन्या तेव्हाच काही सीटा सोडतात, तिथे पहिल्या दिवशी बघणाऱ्याला फायदा. त्यानंतर मधले महिने बरेचदा कोरडे जातात, कारण कंपनी वाट बघत असते. मग शेवटचे दोन आठवडे. आपल्या उदाहरणात दहा दिवस आधी २२ सीटा विकल्या गेल्या, ८ उरल्या, आणि अजून सरासरी ३ प्रवासी यायची अपेक्षा आहे, प्रमाण विचलन २, असं धरा. पाचवी सीट जाण्याची शक्यता सुमारे २३ टक्के, सहावीची ११ टक्के. ५ राखल्या, ३ सुटल्या. काल शून्य होतं, आज तीन. कोणी जादू केली नाही, फक्त अनिश्चितता कमी झाली.

याच गणितातून पुढचंही कळतं. चौघांच्या एकत्र सीटांपेक्षा एक किंवा दोन मिळणं सोपं. सुट्ट्यांचे आठवडे टाळले तर मागणीची सरासरीच खाली येते. निघण्याचं ठिकाण बदलता आलं तर दुसऱ्या बाजाराचा दुसरा अंदाज तुमच्या वाट्याला येतो. याबाबतीत नळदुर्गकरांचं बरं आहे. गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच आहे. एका हाताला मुंबई, दुसऱ्या हाताला हैदराबादचं शमशाबाद विमानतळ. दोन्हीकडून शोधा. आणि एक काळजी घ्या : बँकेच्या कार्डावरचे पॉइंट्स विमान योजनेत हलवले की सहसा परत येत नाहीत. सीट प्रत्यक्ष दिसल्याशिवाय, जमल्यास दोन ठिकाणी तपासल्याशिवाय ते हलवू नका. तिकिटावरचे कर आणि अधिभार रोख भरावे लागतात, तेही आधी बघा. ‘मोफत’ तिकिटात ही रक्कम कधीकधी डोळे पांढरे करणारी असते.

संशोधनाचा विषय म्हणून

यावर कोणाला छोटा अभ्यास करायचा असेल, अगदी एम.एस्सी.च्या प्रकल्पाएवढा, तर तो होण्यासारखा आहे. एक मार्ग निवडा, उदाहरणार्थ मुंबई-फ्रँकफर्ट. एकच तारीख न घेता वर्षभरातल्या पंधरा-वीस तारखा घ्या. रोज ठरलेल्या वेळी, हाताने, दोन वेगवेगळ्या योजनांतून नोंद करा : किती सीटा, किती मैल, आणि त्याच वेळी पैशांचं भाडं किती. शून्य आलं तर नुसतं शून्य लिहू नका. शेजारी एक रकाना ठेवा : कोणत्या खिडकीतून, किती वाजता, दुसऱ्या खिडकीत काय होतं. तीन-चार महिन्यांत तुम्हाला सांडव्याची पातळी हलताना दिसू लागेल. पडद्यामागचा अंदाज तुम्हाला कोणी दाखवणार नाही, पण त्याची सावली मोजता येते.

आपोआप माहिती ओढणारा प्रोग्राम लिहायच्या आधी मात्र थांबा. २०२३ मध्ये एअर कॅनडाने अशा सीटांची माहिती गोळा करणाऱ्या ‘सीट्स डॉट एरो’च्या चालकांवर अमेरिकेत खटला भरला. उपलब्धतेची माहिती कोणाची, प्रवाशाची की कंपनीची, असा वाद त्यातून उभा राहिला. तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीला आधी विचारा, त्या साइटच्या अटी वाचा.

आणि पुढच्या वेळी आराखड्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहायला हात गेला, की त्याच ओळीत पुढच्या तीन गोष्टी लिहायची सवय लावून घ्या : कुठे शोधलं, कधी शोधलं, आणि ती माहिती द्यायची की नाही हे तिथे कोण ठरवतं. गाईड त्या ओळीवर खूण करून तुम्हाला उलट प्रश्न विचारतील. विचारू द्या. बहुतेक वेळा प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिथूनच निघतं.